चालते घर आणि वाटेवरची कमाई

काशीयात्रेस निघणारा माणूस पूर्वी घराची निरवानिरव करूनच उंबरठा ओलांडीत असे. देणेकऱ्यांचा हिशेब पुरा केला जाई, आप्तेष्टांचा निरोप घेतला जाई, आणि परत येणे घडले तर तो दुसरा जन्म मानला जाई. आज वाराणसीस पोहोचावयास मुंबईहून दोन तासांचा विमानप्रवास पुरतो. तथापि एका वेगळ्या प्रकारच्या प्रवाशाच्या घरी निरवानिरवीचा हा प्रसंग पुन्हा येऊ लागला आहे. शहरातील जागा भाड्याने द्यावयाची किंवा विकावयाची, एक मोटारगाडी घेऊन तिच्यात अंथरूण, चूल आणि लिहिण्याचे मेज बसवावयाचे, आणि काम संगणकावर होत असल्यामुळे देशभर फिरत फिरतच उदरनिर्वाह चालवावयाचा, असा त्याचा बेत असतो. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : परवडेल अशी गाडी कोणती?

हा प्रश्न दिसतो तितका नवा नाही. गाडीच्या जागी नाव, छकडा किंवा स्वतःचे पाय ठेवून पाहिले, तर वाराणसीच्या वाटेवर तो अनेकांना पडलेला आढळतो. त्यांनी काढलेली उत्तरे आणि त्यांना सोसावे लागलेले परिणाम यांचा विचार या व्याख्यानात करावयाचा आहे.

प्रथम या नगरीचे स्थान लक्षात घेतले पाहिजे. कलकत्त्याहून वर चढणारा गंगेचा जलमार्ग येथून जातो. सोळाव्या शतकात शेरशहाने बांधून काढलेला आणि पुढे ग्रँड ट्रंक रोड म्हणून ओळखला गेलेला रस्ता येथेच गंगेजवळ येतो. जुन्या क्रमांकाप्रमाणे ७ वा असलेला राष्ट्रीय महामार्ग वाराणसीहून निघून जबलपूर व नागपूरमार्गे कन्याकुमारीस पोहोचत असे. नदी आणि रस्ता या दोहोंनी येणारा प्रवासी येथे एकत्र येई. त्यामुळे प्रवासाच्या साधनांची तुलना करावयास याहून सोयीचे गाव क्वचितच सापडेल.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गंगेवरील चालते घर म्हणजे बजरा. ही सपाट तळाची, रुंद आणि जड नाव असे. तिच्या मागच्या भागात राहण्याच्या खोल्या आणि पुढे वल्हेकऱ्यांची जागा असे. वारा अनुकूल असेल तेव्हा शीड उभारीत. एरव्ही प्रवाहाविरुद्ध जाताना खलाशी काठाने चालत आणि दोराने नाव ओढून नेत. कलकत्त्याहून काशीपर्यंत येण्यास दोन-अडीच महिने सहज लागत. साहेब लोकांच्या बजऱ्यामागे स्वयंपाकाची एक व सामानाची एक नाव बहुधा असेच. सारांश, घर म्हणून जी वस्तू भाड्याने घेतली जाई ती एक नाव नसून तो एक छोटा तांडा असे, आणि त्यातील प्रत्येक माणसाचे वेतन यजमानाच्या पिशवीतून जात असे.

थॉमस डॅनियल आणि त्यांचा पुतण्या विल्यम हे इंग्रज चित्रकार १७८८ साली कलकत्त्याहून नावेनेच निघाले, तेव्हा विल्यम अवघा एकोणीस वर्षांचा होता. दोघेही श्रीमंत नव्हते. कलकत्त्याची बारा दृश्ये ताम्रपटावर कोरून व छापून त्यांनी काही पैसा उभा केला होता, आणि वाटेत चित्रे काढून पुढचा खर्च भागवावयाचा अशी त्यांची कल्पना होती. कानपूरपर्यंत नदीने आणि तेथून पुढे खुष्कीने ते दिल्ली-आग्र्याकडे गेले व गढवालच्या डोंगरांतही शिरले. वाराणसीचे घाट त्यांनी रेखाटले. दशाश्वमेध घाटाचे त्यांचे चित्र आजही त्या काळच्या नगरीचा पुरावा म्हणून पाहिले जाते. परतल्यावर त्यांनी आपली चित्रे सोडत काढून विकली. त्या पैशावर १७९२ साली दक्षिणेचा प्रवास झाला, आणि मद्रासेत पुन्हा सोडत काढून पश्चिम हिंदुस्थानचा खर्च निघाला. १७९५ ते १८०८ या काळात लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा १४४ चित्रांचा संग्रह ही या साऱ्या भटकंतीची खरी मिळकत होय.

या उदाहरणात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. डॅनियल चुलते-पुतणे वाटेवर काम करीत होते, परंतु पैसा त्यांना वाटेवर मिळत नव्हता. तो मोठ्या शहरात परतल्यावर, तोही एकरकमी मिळे. खर्च मात्र रोजचा होता. प्रवासात कमाई करू पाहणाऱ्या प्रत्येकाने काम, मोबदला आणि खर्च या तिहींच्या वेळा वेगवेगळ्या मांडून पाहिल्या पाहिजेत. महिन्याच्या पगाराचा नोकरदार, कामागणिक पैसे घेणारा अनुवादक आणि वर्षातून एकदा पुस्तकाचे मानधन मिळणारा लेखक हे तिघेही एकाच गाडीत राहू शकतील. परंतु गाडी घेतल्यानंतर हाताशी किती शिल्लक असावी, याचे उत्तर तिघांचे तीन प्रकारचे येईल.

मराठी वाचकास अधिक जवळचे उदाहरण विष्णुभट गोडसे वरसईकरांचे आहे. पेणजवळील वरसईचे हे भिक्षुक घरच्या कर्जाने गांजलेले होते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार व दक्षिणा वाटणार अशी वार्ता त्यांना लागली. तेव्हा १८५७ साली, वयाच्या तिशीत, आपल्या काकांना सोबत घेऊन ते उत्तरेकडे निघाले. त्यांचे भांडवल म्हणजे मुखोद्गत विद्या. तिला ओझे नव्हते, जकात नव्हती, आणि जेथे यजमान असेल तेथे तिचे मोल होई. चालत्या उदरनिर्वाहासाठी याहून हलके हत्यार कल्पिता येत नाही.

परंतु ते निघाले तेच वर्ष उठावाचे होते. वाटेतच सैन्यात बंड उद्भवल्याची बातमी त्यांना कळली. पुढे झाशीस राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयाने त्यांस काही प्राप्ती झाली. ज्या राणीच्या नगरीत ते थांबले तिचा जन्म काशीतलाच. १८५८ साली इंग्रज फौजेने झाशी घेतली व शहर लुटले, त्यात साठविलेली दक्षिणा गेली आणि जीव तेवढा वाचला. पुन्हा भ्रमण, पुन्हा थोडी मिळकत, पुन्हा संकटे, असे करीत ते काशीस पोहोचले. तेथून गंगाजलाची कावड घेऊन ते घरी परतले आणि त्या जलाने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. ज्या कर्जासाठी प्रवास मांडला होता ते फेडण्याइतका पैसा काही हाती उरला नाही. या प्रवासाची हकीकत त्यांनी पुढे लिहून काढली आणि चिंतामणराव वैद्य यांनी ती १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केली.

विष्णुभटांचे साधन स्वस्त होते, विद्या हलकी होती आणि मागणी मोठी होती. तरीही हिशेब चुकला, कारण सारी मिळकत ते अंगावर बाळगून चालत होते. आज बँकेतील पैसा अंगावर बाळगावा लागत नाही, हे खरे. तथापि घर विकून आलेली रक्कम ज्याने एका गाडीत घातली, त्याची अवस्था याहून फार वेगळी नाही. गाडी हे घर आहे, कचेरी आहे आणि शिल्लकही तीच आहे. एक अपघात किंवा इंजिनाचा एक मोठा बिघाड झाला तर तिन्ही एकाच दिवशी बंद पडतात. घरासारखी जमीनही तिच्याखाली नसते. गाडीचे मोल वर्षागणिक उतरतच जाते. म्हणून परवडणाऱ्या गाडीची पहिली कसोटी अशी सांगता येईल : ती महिनाभर दुरुस्तीस पडली तरी माणसास राहण्यास जागा व कामास साधन मिळविता येईल, इतका पैसा ती घेतल्यानंतर शिल्लक राहिला पाहिजे.

विष्णुभटांसारख्यांना इतक्या थोड्या साधनांनिशी निघता आले याचे एक कारण काशीच्या घाटांवर दिसते. येथील दशाश्वमेध घाट अठराव्या शतकात पेशव्यांनी बांधविला. मणिकर्णिकेचे काम अहिल्याबाई होळकरांनी केले, आणि विश्वनाथाचे मंदिरही त्यांनीच १७८० साली उभारले. शिंदे घाट, भोसले घाट ही नावे स्वतःच बोलतात. दुर्गाघाट-ब्रह्मघाटाच्या परिसरात मराठी कुटुंबांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या राहिली. वाडे, धर्मशाळा आणि अन्नछत्रे होती म्हणून यात्रेकरूला आपले घर पाठीवर वाहून नेण्याचे कारण पडत नसे. वाटेवर मुक्कामाची सोय जितकी अधिक, तितके वाहन लहान चालते, हा या इतिहासाचा अर्थ आहे. पाश्चात्य देशांत जागोजागी मुक्कामतळ असतात. तेथे पाणी भरता येते, वीज घेता येते आणि मैलाची टाकी रिकामी करता येते. आपल्याकडे अशी व्यवस्था विरळ आहे. कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण महाराष्ट्र शासनाने २०२१ साली जाहीर केले. उलट आपल्याकडे ढाबे, धर्मशाळा, मठ, पेट्रोल पंप आणि स्वस्त खाणावळी पावलोपावली आहेत. म्हणून परदेशी चित्रांत दिसणारी स्नानगृहासह अवाढव्य गाडी येथे पैशाने महाग पडते आणि वापरावयासही अडचणीची ठरते. काशीच्या गल्ल्यांत तर सायकलरिक्षाही अडते. मोठे वाहन गावाबाहेर उभे करूनच आत पायी जावे लागते.

चालते घर कामाभोवती कसे बेतावे हे गाडिया लोहारांकडून शिकावे. १५६८ साली चितोड पडल्यावर तो परत मिळेपर्यंत स्थिर घर करावयाचे नाही, असे व्रत त्यांच्या पूर्वजांनी घेतल्याची परंपरागत कथा आहे. १९५५ साली पंडित नेहरूंच्या उपस्थितीत चितोडगडावर त्यांचा प्रवेश समारंभपूर्वक झाला. त्यांचा बैलगाडा भक्कम, लाकडी आणि लहान असतो. भाता, ऐरण, हातोडे, भांडी आणि अंथरूण एवढेच त्यात मावते. भट्टी मांडली जाते ती गाड्याबाहेर, जमिनीवर. गाडा हे कोठार आहे आणि अंगण ही कार्यशाळा आहे. ज्याचे काम अंगणात होऊ शकते त्याने गाडी लहान घ्यावी. ज्याला दिवसाचे आठ तास शांततेत बसून बोलावे-लिहावे लागते, त्याने मात्र आधी बसण्याची जागा मोजावी आणि मग झोपण्याची.

मोटारगाडीतील बिऱ्हाडही वाराणसीस नवीन नाही. १९५७ साली लंडन ते कलकत्ता अशी प्रवासी बस धावली. त्यानंतरच्या दोन दशकांत युरोपातील तरुण-तरुणी जुन्या फोक्सवॅगन व्हॅनमध्ये गाद्या टाकून इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोरमार्गे दिल्लीस व पुढे काशी-काठमांडूस येऊ लागली. १९७९ साली इराणात राज्यक्रांती झाली, वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि हा मार्ग बंद झाला. त्या जुन्या व्हॅन आरामदायी नव्हत्या. त्या निवडल्या जात त्या साध्या यंत्ररचनेमुळे : हवेने थंड होणारे इंजिन, मोजके भाग, आणि वाटेतील मिस्त्रीला समजेल अशी बांधणी. निवडीचे हे तत्त्व आजही लागू आहे. जे वाहन देशातील प्रत्येक जिल्ह्यात दुरुस्त होते, तेच दूरच्या प्रवासात स्वस्त पडते.

आपल्या देशात सामान्य माणसाच्या आवाक्यातील वाहनांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग छोट्या व्हॅनचा. १९८४ साली आलेली मारुती व्हॅन, जी पुढे ओम्नी म्हणून प्रसिद्ध झाली, तिचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. तिच्या वळणाची ईको २०१० पासून मिळते. मागची आसने नसलेल्या जागेत एक-दोन माणसांची शय्या व खाली सामानाचे खण होतात. उभे राहता मात्र येत नाही. दुसरा वर्ग टेंपो ट्रॅव्हलरसारख्या मध्यम गाड्यांचा. पुण्याच्या बजाज टेंपो कंपनीने १९८७ च्या सुमारास आणलेली ही गाडी प्रवासी वाहतुकीत इतकी रुळली की तिचे सुटे भाग कोठेही मिळतात. उंच छपराच्या प्रकारात ताठ उभे राहता येते. दोघांना महिनोन्‌महिने राहून काम करावयाचे असेल तर बहुधा हाच वर्ग योग्य ठरतो. तिसरा वर्ग ट्रकच्या किंवा बसच्या सांगाड्यावर बांधलेल्या घरांचा. त्यात सोयी पुष्कळ, पण इंधन, टायर, उभे करण्याची जागा आणि चालविण्याचे कौशल्य या चारही बाबतींत तो जड जातो.

इंधनाचा हिशेब सोपा आहे. लिटरला दहा किलोमीटर जाणारी गाडी महिन्यास तीन हजार किलोमीटर फिरविली तर तीनशे लिटर डिझेल लागते. एक हजार किलोमीटरच फिरविली तर शंभर लिटर. गाडी बदलून जी बचत होणार नाही ती मुक्काम लांबवून होते. कामही मुक्कामातच होते. दिवसभर गाडी हाकणारा माणूस रात्री नीट काम करू शकत नाही.

विजेचा हिशेबही कागदावर मांडून पाहावा. पन्नास वॅटचा संगणक सहा तास चालला की तीनशे वॅट-तास खर्च होतात. पंचवीस वॅटचा पंखा आठ तासांत दोनशे घेतो, आणि दहा वॅटचे दिवे पाच तासांत पन्नास घेतात. एकूण साडेपाचशे. बारा व्होल्टच्या शंभर अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीत नाममात्र बाराशे वॅट-तास असतात; ती टिकावयाची असेल तर त्यांतील निम्मेच वापरावेत. म्हणजे दिवस जेमतेम निभावतो. छतावर दोनशे वॅटचे सौर पत्रे असले आणि चार-साडेचार तास चांगले ऊन मिळाले, तर घट वजा जाताही ही भरपाई होते. पण हजार वॅटचे वातानुकूलन सहा तास चालवावयाचे म्हटले की एकदम सहा हजार वॅट-तास लागतात, आणि सारा हिशेब कोसळतो. पाण्याचेही तसेच आहे. दोघांना काटकसरीने रोज वीस-पंचवीस लिटर पाणी लागते. शंभर लिटरची टाकी चार-पाच दिवस पुरते, पण तिचे शंभर किलो वजन गाडीने सतत वाहावयाचे असते.

वातानुकूलनाशिवाय काशीचा वैशाख-ज्येष्ठ पत्र्याच्या डब्यात कसा काढावा, हा प्रश्न येथे उभा राहतो. पारा पंचेचाळीस अंशांकडे झुकतो, आणि त्यात संगणकही नीट चालत नाही. याचे उत्तर यंत्रात शोधण्याऐवजी पंचांगात शोधावे. आपल्या परंपरेत सर्वांत निष्ठावान भटका म्हणजे संन्यासी. एका गावी फार काळ राहावयाचे नाही, हा त्याचा धर्म. तोसुद्धा पावसाळ्यात चातुर्मासाचा एक ठिकाणी मुक्काम करतो. बाराही महिने चालत राहण्याची अपेक्षा आपल्याकडे कोणीच कोणाकडून केली नव्हती. वर्षातील तीन-चार महिने थंड हवेच्या गावी किंवा आप्तांच्या घरी स्थिर राहण्याचे ठरविले, तर गाडी एका पायरीने लहान घेता येते, आणि तिच्या दुरुस्तीचा काळही त्यातच बसतो.

कायद्याच्या बाजूकडे दुर्लक्ष करून चालत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीतील फेरफारांविषयी आहे. निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन हा प्रकार केंद्र शासनाच्या वाहनप्रकारांच्या यादीत आहे. म्हणून आधी गाडी घेऊन सुतार बोलाविण्यापेक्षा आधी परिवहन कार्यालयात चौकशी करून मग काम काढणे श्रेयस्कर. बदल विमा कंपनीस कळविला नसेल तर अपघातसमयी दावा अडकतो. त्याच कायद्याच्या ४७ व्या कलमानुसार एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथे नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. फिरत्या बिऱ्हाडवाल्याने पेट्रोलच्या पावत्या जपून ठेवाव्यात, त्या याचसाठी.

शेवटी पुन्हा घाटावर यावे. वाराणसीचा नाविक आपल्या साधनावर दिवसभर काम करतो. त्याची नाव हीच त्याची कमाई. अलीकडच्या वर्षांत अनेक नावांची डिझेल इंजिने बदलून त्यांना सीएनजी बसविण्यात आले, आणि नमो घाटाजवळ पाण्यावर तरंगणारे इंधन केंद्र उभे राहिले. इतके होऊनही पावसाळ्यात गंगेस पूर आला की प्रशासन नौकानयन बंद करते आणि नावा घाटावर बांधून पडतात. त्या दिवसांत कमाई शून्य असते, परंतु नाविकाचे बिऱ्हाड नावेत नसते. ते काठावरच्या मोहल्ल्यात, त्याच्या माणसांत असते. पूर दरवर्षी येणार हे त्याला ठाऊक आहे, आणि संसार त्याने त्या हिशेबाने मांडलेला आहे.

चालते घर घेऊ इच्छिणाऱ्याने हे दृश्य एकदा पाहावे. त्यानंतर अशीच एखादी गाडी महिनाभर भाड्याने घ्यावी, तीत नेहमीचे काम खरोखर करून पाहावे, आणि एक आठवडा तरी उन्हाळ्याचा काढावा. तीस दिवसांची ही परीक्षा सर्व सल्ल्यांहून स्वस्त पडते. ती उतरली तर गाडी घ्यावी, साधी घ्यावी, आणि राहते घर मात्र विकू नये, भाड्याने द्यावे. घरी वृद्ध आईवडील असतील तर त्यांच्यापर्यंत दोन दिवसांत पोहोचता येईल असाच मार्ग आखावा. विष्णुभट सारे गमावूनही वरसईस पोहोचू शकले, कारण तेथे घर उभे होते आणि गंगाजलाची वाट पाहणारी माणसे होती.